उशाखालचा अंगारा आणि हाताचं सलाईन

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात, भरती असलेल्या माणसाची चादर बदलताना उशाखाली काहीतरी सापडतंच. राजूरच्या गणपतीचा अंगारा, अंबडच्या मत्स्योदरीचं कुंकू, दर्ग्यावरून आणलेला ताईत, नवकार मंत्राची छोटी पुस्तिका, बायबलमधलं वचन छापलेलं कार्ड. एका वॉर्डात चार-पाच श्रद्धा शेजारी-शेजारी झोपलेल्या असतात आणि सगळ्यांची नाडी एकच सिस्टर बघत असते.

अशा ठिकाणी पूरक उपचार, म्हणजे औषधाच्या जोडीने केलेली मालीश, संगीत, श्वसन, प्रार्थना, नामस्मरण, हा प्रश्न कॉलेजच्या पुस्तकातला राहत नाही. तो रोजच्या ड्युटीतला असतो. त्याच्याभोवती गैरसमजही दोन्ही बाजूंनी आहेत. काहींना वाटतं यानेच रोग बरा होतो, काहींना वाटतं हे सगळं हाकलून द्यावं. माझ्या मते या दोघांपेक्षा मोठा धोका तिसऱ्याच गोष्टीत आहे: रुग्ण हे सगळं करतो आणि दवाखान्यापासून लपवून करतो.

“सिस्टरला सांगू नका, ओरडतील”

हा सगळ्यात घट्ट बसलेला समज. त्याला कारणही आहे. कुणीतरी, कधीतरी ओरडलेलं असतं. पण परिचर्येचं शास्त्र ओरडायला सांगत नाही. रुग्णाची मूल्यं, रूढी आणि आध्यात्मिक श्रद्धा यांचा मान राखला जाईल असं वातावरण ठेवणं ही परिचारिकेची जबाबदारी, असं आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही सांस्कृतिक विविधता आणि अध्यात्म हा भाग शिकवला जातो.

मान राखायचा म्हणजे डोळे मिटून सगळं चालू द्यायचं, असंही नाही. अंगारा कपाळाला लावला तर काही बिघडत नाही. तोच टाक्यांवर, भाजलेल्या जागी किंवा बाळाच्या नाळेवर लावला तर जंतुसंसर्ग ओढवून घेतला. नाळ कोरडी ठेवायची. हळद, राख, शेण, तेल काहीच नको. अशाच लेपांमधून नवजात बाळांना धनुर्वात व्हायचा. आईला धनुर्वाताची लस आणि दवाखान्यात बाळंतपण, यामुळे २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. ती कमाई एका चिमूट राखेपायी घालवायची नाही.

ताईत किंवा काळा दोरा विचारल्याशिवाय कापू नये. शस्त्रक्रियेच्या आधी धातूचा ताईत काढावाच लागतो, कारण विजेवर चालणाऱ्या उपकरणाने त्या जागी भाजू शकतं. पण तो कचऱ्याच्या बादलीत न टाकता नातेवाइकाच्या हातात दिला की कुणाचं मन दुखत नाही. सलाईन लावलेल्या हाताला सूज आली तर मनगटाचा दोरा रुततो, आणि तान्ह्या बाळाच्या गळ्यातला दोरा तर जिवावरच बेतू शकतो. हे कारण समजावून सांगितलं की बहुतेक घरं स्वतःच दोरा सोडतात.

“उपवास हा देवाचा विषय, दवाखान्याचा नाही”

या एका गैरसमजावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. नर्सिंगमधली आध्यात्मिक काळजी म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, असं चित्र लोकांच्या मनात असतं. प्रत्यक्षात तिची सुरुवात साध्या प्रश्नाने होते: “मावशी, उद्या चतुर्थी आहे, तुम्ही धरता का?”

राजूरच्या गणपतीवर श्रद्धा असलेल्या या जिल्ह्यात संकष्टी धरणारी घरं पुष्कळ. ती सुटते चंद्रोदयाला, म्हणजे बऱ्याचदा रात्री नऊच्या आसपास. मधुमेहाची काही औषधं अशी आहेत की गोळी घेतली आणि वर जेवण गेलं नाही, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळू लागतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही झालं. रमजानच्या रोज्यात इन्सुलिन घेणाऱ्या चाचांची गोष्ट तीच, आणि सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या जैन आजींच्या रात्रीच्या गोळीचं काय करायचं, हा प्रश्नही त्याच जातीचा. डॉक्टरांना आधी कळलं तर औषधाची वेळ, मात्रा किंवा औषधच बदलता येतं. न कळलं तर रुग्ण स्वतःच्या मनाने गोळी टाळतो, किंवा गोळी घेऊन जेवण टाळतो.

उलट बाजूही आहे. “उपवासच तर आहे, हलकं खाल्लं” असं म्हणत साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं पोटात गेलेलं असतं. मधुमेह्याची साखर त्या दिवशी वर जाते. मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या, डायलिसिसवरच्या माणसाला तर फराळाचं ताट जास्तच घातक, कारण बटाटा, रताळं, केळी, खजूर, शेंगदाणे या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं. ते शरीराबाहेर टाकता आलं नाही की हृदयाचे ठोके बिघडतात. आजाऱ्याला प्रेमाने आणलेलं शहाळंही याच यादीत येतं. म्हणून केस पेपरवर “उपास: चतुर्थी, एकादशी” अशी एक ओळ लिहिणं हे पूजेइतकंच गंभीर काम आहे.

“प्रार्थनेने रोग बरा होतो हे सिद्ध झालंय”

सिद्ध झालेलं नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमधल्या, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींसाठी दूरवरून प्रार्थना केली गेली, काहींसाठी नाही, आणि आपण कोणत्या गटात हे या दोघांनाही माहीत नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली ती पहिल्यांत ५२ टक्के आणि दुसऱ्यांत ५१ टक्के रुग्णांना. तिसऱ्या गटाला मात्र पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होते आहे. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. “माझ्यासाठी प्रार्थना करावी लागतेय, म्हणजे मी एवढा गंभीर आहे का?” ही भीती त्यामागे असावी, असा एक तर्क मांडला गेला.

मग प्रार्थना निरुपयोगी ठरली का? तसं म्हणणं हा दुसरा गैरसमज. या अभ्यासाने मोजली ती परक्यांनी, दुरून केलेली प्रार्थना आणि तिचा शरीरावरचा परिणाम. रुग्णाने स्वतः केलेली, किंवा लेकीने उशाशी बसून म्हटलेली प्रार्थना वेगळंच काम करते. ती रोगाशी नाही, रुग्णाच्या एकटेपणाशी भिडते. आधुनिक हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेची चळवळ उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. मरणाऱ्या माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारही अंगांनी असते, हे त्यांनी मांडलं. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे भारतातलं पहिलं हॉस्पिस त्याच वाटेवरचं. “मी कुणाचं काय वाईट केलं होतं?” असं कॅन्सरचा रुग्ण विचारतो तेव्हा तोही वेदनेचाच भाग असतो.

त्यावर “काही होत नाही तुम्हाला, देवावर भरवसा ठेवा” हे उत्तर नाही. खोटा दिलासा रुग्णाला किती थकवतो, यावर फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. अशा वेळी खुर्ची ओढून बसायचं, ऐकायचं आणि रुग्णाला हवं असेल तर त्याच्या धर्माचा माणूस बोलवायला मदत करायची. स्वतःची श्रद्धा त्याच्यावर लादायची नाही, त्याची मोडायचीही नाही. आणि शेवटच्या घटकेला तुळशीचं पाणी किंवा गंगाजल द्यायचं असेल, तर गिळता न येणाऱ्याच्या तोंडात चमचा ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून ओठ आणि जीभ ओली करावी. विधीही होतो आणि ठसकाही लागत नाही.

“हात फिरवला की ऊर्जा जाते”

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या डोलोरेस क्रीगर या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने ‘थेरप्युटिक टच’ नावाची पद्धत रुजवली. अंगाला न लावता, काही इंचांवरून हात फिरवून रुग्णाचं ‘ऊर्जाक्षेत्र’ जाणायचं आणि नीट करायचं, असा दावा. हजारो परिचारिका ती शिकल्या. मग एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक साधा प्रयोग केला. तिची आई स्वतः परिचारिका. पडद्याआडून दोन्ही हात पुढे केलेल्या २१ उपचारकांना एवढंच ओळखायचं होतं, की एमिलीचा हात आपल्या कोणत्या हातावर आहे. २८० वेळांपैकी १२३ वेळा बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवून आलं असतं त्याहून कमी. १९९८ मध्ये हा प्रयोग ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्याकडे रेकीच्या नावाने असेच दावे होतात, त्यांना हाच निकष लावावा.

खरोखरच्या स्पर्शाची गोष्ट मात्र निराळी. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, म्हणजे कांगारू मदर केअर. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून ती सुरू झाली. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आई थकली तर वडिलांनी किंवा आजीने बाळ घ्यावं. सोयर आहे म्हणून शिवायचं नाही, हा विचार इथे बाळाच्या मुळावर येतो.

मालीशने दुखणं हलकं होतं, झोप लागते, हेही खरं. पण बाळंतपणानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तिला तेल लावून चोळायचं नाही. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तसंच माकडहाडावर लालसर चट्टा उठला तर तो चोळू नये; चोळण्याने बेडसोर वाढतो. तिथे कूस बदलणं हाच उपचार.

संगीताबद्दल थोडक्यात: शस्त्रक्रियेआधीची घालमेल संगीताने कमी होते, हे २६ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. अभंग असो, कव्वाली असो, रुग्णाच्या आवडीचं हवं आणि इअरफोनवर हवं. शेजारच्या खाटेवरच्याने आपलं भजन सक्तीने का ऐकावं? शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटांवर दाब देण्याच्या पद्धतीलाही ५९ अभ्यासांचा बऱ्यापैकी आधार आहे.

“देशी औषधाला साइड इफेक्ट नसतो”

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; काढा घेतल्यावर त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. हा आक्षेप मान्य केला तरी घरात वेल तोडणाऱ्याचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये छापून आलं. बाजारात मिळणाऱ्या बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं; ते अचानक बंद झालं की माणूस कोसळतो. म्हणून “अजून काय काय घेता?” या प्रश्नाला पुडी दाखवूनच उत्तर द्यावं.

“कावीळ आणि विंचू मंत्रानेच उतरतात”

कावीळ उतरवताना हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं. आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, त्याचा चुन्याशी संयोग होऊन तो रंग येतो. काविळीतलं पित्तद्रव्य शौच आणि लघवीवाटे जातं, तळहातातून नाही. दूषित पाण्यातून होणारी बरीचशी कावीळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय मंत्राला मिळतं. पण गरोदर बाईची कावीळ, पित्तनलिकेत खडा अडकून झालेली कावीळ किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला असेल ती कावीळ, यांना वाट पाहायला सवड नसते.

विंचवाचंही तसंच. बऱ्याच दंशांत फक्त आग होते, काही तासांत ती उतरते. लाल विंचवाच्या विषाने मात्र हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं. हे ओळखून प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपचार जगापुढे ठेवला तो डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. ते याच जिल्ह्यातल्या देहेडचे. काम केलं रायगडात, महाडच्या परिसरात. पूर्वी गंभीर दंशाचे शेकडा तीसच्या घरात रुग्ण दगावत, ते प्रमाण दोन-तीनपर्यंत उतरलं. ती गोळी वेळेत पडावी लागते, आणि मंत्रात जातो तो नेमका तोच वेळ.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथेच बोट ठेवतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. प्रार्थना, उपासना, कीर्तन, प्रदक्षिणा यांना मात्र हा कायदा हात लावत नाही. तेव्हा १०८ ची गाडी येईपर्यंत, आणि गाडीत बसल्यावरही, कुलदैवताचा धावा जरूर करावा. सोबत साप चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टीने आधार देऊन स्थिर ठेवावा. आवळून बांधू नये, चिरू नये, तोंडाने विष ओढू नये, रुग्णाला चालवू नये. अंगठी, कडं, जोडवी सूज चढायच्या आत काढावीत आणि दंश किती वाजता झाला ते दारात भेटणाऱ्या सिस्टरला आधी सांगावं.