चंद्रावरील पाण्याची मुदत ठेव

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण आपल्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील धनेगाव येथे आहे. ते कोरडे पडल्यामुळे ही वेळ आली होती. पाणी दुरून आणणे किती कष्टाचे आणि खर्चाचे असते, हे मराठवाड्याने त्या उन्हाळ्यात अनुभवले. आज अंतराळशास्त्रज्ञांपुढेही हाच प्रश्न उभा आहे. त्यांचे अंतर मात्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरचे आहे.

आयुष्य बँकेत गेल्याने माझे लक्ष प्रथम खर्चाकडे जाते. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ निघाले, तेव्हा प्रक्षेपकाचे वजन सुमारे ६४० टन होते. त्याने वाहून नेलेले यान ३९०० किलोचे आणि त्यातील चंद्रावर उतरणारा भाग इंधनासह जेमतेम पावणेदोन टनांचा होता. एवढ्या खटाटोपाने पिण्याचे पाणी पाठवीत राहणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. चंद्रावर मुक्काम करायचा असेल, तर पाणी तेथेच शोधावे लागेल.

आपल्याकडे विहीर खणण्यापूर्वी पाणाड्याला बोलावण्याची रीत आहे. चंद्रावर हे काम प्रकाशाने केले. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वर अमेरिकेच्या नासा संस्थेचे एक उपकरण होते. चंद्रावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशातील कोणता अंश शोषला जातो, हे त्याने टिपले. त्यावरून तेथील मातीत पाण्याचे अंश असल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. पुढे २०१८ साली त्याच उपकरणाच्या नोंदींतून ध्रुवीय प्रदेशात बर्फ असल्याचे दाखविण्यात आले. चंद्राचा आस जेमतेम दीड अंशाने कललेला असल्यामुळे ध्रुवांजवळील काही खोल विवरांत सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत. त्या चिरंतन अंधारात बर्फ टिकून राहिला आहे.

हे पाणी केवळ पिण्यासाठी नाही. पाण्यातून वीज सोडली की त्याचे घटक वेगळे होतात. ९ किलो पाण्यापासून ८ किलो प्राणवायू आणि १ किलो हायड्रोजन मिळतो. प्राणवायू श्वासाला उपयोगी, आणि दोन्ही मिळून अग्निबाणाचे इंधन. उलट, हेच दोन वायू विशिष्ट विद्युतघटात एकत्र आणले, तर वीजही मिळते आणि पाणीही. अपोलो यानांतील अंतराळवीर असेच तयार झालेले पाणी पीत असत.

मात्र, पाणी फोडण्यासाठी वीज आधी लागते, आणि ती सूर्याकडून घ्यावी, तर चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांइतकी लांब असते. आपले विक्रम आणि प्रज्ञान त्या रात्रीच्या थंडीनंतर पुन्हा जागे झाले नाहीत. म्हणूनच दक्षिण ध्रुवाजवळील उंच कड्यांना मोल आले आहे. तेथे वर्षातील बराच काळ ऊन असते आणि जवळच्या विवरात बर्फ असतो. अशा जागा मोजक्याच आहेत.

येथे मला एक जुनी गोष्ट आठवते. जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत असताना मी एका शेतकऱ्याला विंधन विहिरीसाठी कर्ज मंजूर केले. पहिला प्रयत्न कोरडा गेला. दुसऱ्यास भरपूर पाणी लागले. कर्ज वेळेवर फिटले. पण पुढच्याच उन्हाळ्यात शेजाऱ्याची जुनी विहीर आटली. ते नुकसान माझ्या कोणत्याही खातेवहीत दिसत नव्हते. मंजुरीची सही मात्र माझी होती.

चंद्रावरही हेच घडू शकते. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. परंतु तेथून काढलेल्या साधनसंपत्तीवर आपल्या नागरिकांचा हक्क अमेरिकेने २०१५ साली कायद्याने मान्य केला. आपल्या भूगर्भातील पाण्यात पावसाची थोडीफार भर तरी पडते. चंद्रावरचा बर्फ साठण्यास अब्जावधी वर्षे लागली; माणसाच्या हिशेबात ती व्याज न देणारी मुदत ठेव आहे, मुद्दल मोडले की संपले. भारत आणि जपान यांची नियोजित चांद्रयान-५ मोहीम दक्षिण ध्रुवाजवळील पाण्याचा शोध घेणार आहे. ठेव किती आहे, हे मोजण्याआधी ती वाटून घेण्याची घाई होऊ नये, एवढेच एका जुन्या बँक अधिकाऱ्याला वाटते.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम, लघवी आणि श्वासातील ओलावा यांतून ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात आणण्याचे लक्ष्य २०२३ साली गाठले गेले. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी पाणी तुपासारखे वापरा, असे सांगत. त्यांना अंतराळ ठाऊक नव्हते. दुष्काळ ठाऊक होता. चंद्रावर जाणाऱ्यांनी ही शिकवण आधीच आत्मसात केली आहे. धनेगावच्या धरणाकाठी राहणाऱ्या आपण ती विसरून चालणार नाही.