‘द ग्रेट एस्केपर’ : मागे राहिलेल्या सहचारिणीची कथा

५ जून २०१४ रोजी इंग्लंडमधील होव्ह या समुद्रकाठच्या गावातून, तेथील एका वृद्धाश्रमात राहणारे ८९ वर्षांचे बर्नार्ड जॉर्डन कोणाला न सांगता बाहेर पडले. अंगावर साधा रेनकोट होता आणि त्याच्या आत युद्धात मिळालेली पदके. दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, ६ जून १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांचे सैन्य तेथे उतरले त्या घटनेचा सत्तरावा स्मृतिदिन होता. जॉर्डन हे ब्रिटिश नौदलाचे माजी सैनिक. इकडे पोलीस त्यांचा शोध घेत होते आणि तिकडे आजोबा बोटीने खाडी ओलांडून फ्रान्सला पोहोचले होते! वर्तमानपत्रांनी त्यांना ‘महापलायनकर्ता’ ठरवून डोक्यावर घेतले.

या घटनेवर दिग्दर्शक ऑलिव्हर पार्कर यांनी ‘द ग्रेट एस्केपर’ हा इंग्रजी चित्रपट काढला. तो २०२३ साली प्रदर्शित झाला. बर्नार्डची भूमिका नव्वदीतल्या मायकल केन यांनी केली असून, या चित्रपटानंतर त्यांनी अभिनयातून निवृत्ती जाहीर केली. पत्नी आयरीन झाल्या आहेत ग्लेंडा जॅक्सन. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, जून २०२३ मध्ये, त्यांचे निधन झाले.

वर्तमानपत्रांनी पळून जाणारा पाहिला; चित्रपटाने मागे राहणारीही पाहिली. आमच्या मते चित्रपटाचे खरे मोल येथे आहे. आयरीन आजारी आहे, आपले दिवस थोडे उरले आहेत हे तिला कळते. तरीही पतीने जावे, असे तिलाच वाटते. कारण सत्तर वर्षे त्याच्या मनात काय सलते आहे, याची जाण तिच्याइतकी कोणालाच नाही. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी भेदरलेल्या एका तरुण सैनिकाला बर्नार्डने धीर दिलेला असतो. तो सैनिक मरतो, बर्नार्ड वाचतो. आपण त्याला मृत्यूच्या तोंडी पाठविले, ही टोचणी त्याला आयुष्यभर पुरते. तो बोलत नाही; तिनेही खोदून विचारलेले नाही. दोघांनी ते मौन एकाच घरात सांभाळले. विवाहाच्या वेदीपुढे सुखदुःखाचे वचन आपण सारेच देतो. त्या दुःखात पतीने कधीच उच्चारले नाही असे दुःखही येते, हे ग्लेंडा जॅक्सन केवळ नजरेने सांगून जातात.

तरुणपणीचे प्रसंग त्या मानाने फिके वाटतात. उलट जर्मन सैनिकांचा प्रसंग छोटा असूनही मनात राहतो. कधी काळी शत्रू असलेले ते म्हातारे भेटतात आणि बर्नार्ड समारंभाचा प्रवेश त्यांना देऊन स्वतः बाय्यो येथील युद्धस्मशानभूमीत जातो. तेथे चार हजारांहून अधिक थडगी आहेत, आणि त्यांत काही शेकडा जर्मनांचीही आहेत.

एवढ्या दूरची कथा आपल्याला परकी वाटू नये. आपला सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि त्या जिल्ह्यातील तरुणांनी नौदलात जाण्याची परंपरा ब्रिटिश काळापासूनची. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणातच साजरा झाला, तेव्हा समुद्रात युद्धनौका पाहावयास गर्दी लोटली होती. नॉर्मंडीनंतर पाचच आठवड्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे इटलीत धारातीर्थी पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हातारपण मात्र वाट्याला आले नाही. जे परत आले, त्यांचे पदक घरच्या भिंतीवर लागले. त्यामागची हकीकत बहुधा एकट्या बायकोनेच ऐकली, कधी झोपेतल्या बडबडीतून. मुले मुंबईला वा आखातात गेली. आता सोप्यावर दोघेच बसलेली असतात आणि आपण त्यांच्या गुडघेदुखीची तेवढी चौकशी करून पुढे जातो.

आपल्या साऱ्यांना खळखळून हसविण्याची संधी असूनही चित्रपट वृद्धांना हास्यास्पद करीत नाही. औषधाच्या गोळ्या, चालण्याची काठी, लटपटणारे हात हे सारे जसेच्या तसे दिसते. इंग्रजी संवाद सर्वच कळले नाहीत, तरी अडत नाही.

प्रत्यक्षातील बर्नार्ड जॉर्डन त्या प्रवासानंतर सहा-सात महिनेच जगले. ३० डिसेंबर २०१४ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि आठवडाभरात आयरीनही गेल्या. अर्धशतकाहून अधिक काळाचा त्यांचा संसार. मागे राहिलेली सुमारे ६ लाख पौंडांची मालमत्ता त्यांनी ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेला दिली होती. लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या या संस्थेचे स्वयंसेवक, वादळात सापडलेल्या खलाशांना व मच्छिमारांना वाचविण्यासाठी भर समुद्रात नौका घालतात.