‘सर्वानुमते मंजूर’ कसं वाचायचं? तेरच्या निमित्ताने प्रोसिडिंगबद्दल

स्थानिक स्वराज्य संस्थांवर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला विषय विचारला, तर उत्तर बहुधा निवडणूक, आरक्षण किंवा गटबाजी असं येतं. ते महत्त्वाचं आहेच. पण निवडणूक पाच वर्षांतून एकदा होते आणि मासिक सभा दर महिन्याला, म्हणजे एका मुदतीत किमान ६० सभा. पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती, गटार, दिवाबत्ती, घराच्या नोंदीवर वारसाचं नाव, यात्रेची तयारी हे सगळं त्या ६० सभांमध्ये निघतं आणि एका जाडजूड वहीत उतरतं. कायद्याच्या भाषेत ते सभेचं कार्यवृत्त किंवा इतिवृत्त. गावात सगळे त्याला प्रोसिडिंग म्हणतात. ही वही संशोधनाचं साधन म्हणून कशी वाचायची, एवढाच आजचा विषय.

उदाहरणासाठी धाराशिव तालुक्यातलं तेर डोळ्यांसमोर ठेवू या. तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याची नोंद आहे. आज मात्र हे मोठं शहर कायद्याने ‘गाव’ आहे आणि तिथला कारभार ग्रामपंचायतीचा. याच जिल्ह्यात वाशी आणि लोहारा इथे नगरपंचायती आहेत, तुळजापूर, कळंब, परंडा इथे नगरपरिषदा. हा फरक नुसता पाटीवरचा नाही. नगरपरिषद १९६५ च्या अधिनियमावर चालते. तिथे स्थायी समिती आणि विषय समित्या असतात, त्यांत नगरसेवक बसतात आणि प्रशासन मुख्याधिकाऱ्याकडे असतं. ग्रामपंचायत १९५८ च्या अधिनियमावर चालते आणि तिथल्या समित्यांमध्ये निवडून न आलेले गावकरीही असतात. त्यामुळे ‘लहान शहर’ आणि ‘मोठं गाव’ यांची तुलना करणार असाल, तर आधी कायदा कोणता ते तपासा. नाहीतर दोन वेगळ्या वस्तू एकाच तराजूत टाकाल.

आता वही उघडू. कुठल्याही मासिक सभेचा अजेंडा साधारण एकाच वळणाने जातो. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, मग मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी, शासनाकडून आलेल्या पत्रांचं वाचन, नागरिकांचे अर्ज, मग दोन-चार कामांचे विषय, आणि सगळ्यात शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. प्रत्येक विषयाखाली ठराव, सूचक, अनुमोदक, आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य: ठराव सर्वानुमते मंजूर.

नवा विद्यार्थी इथेच फसतो. शंभर ठरावांपैकी पंचाण्णव सर्वानुमते असतील, तर त्याला वाटतं गावात एकोपा आहे. मी विज्ञान शाखेतून आलोय, म्हणून हे मोजमापाच्या भाषेत सांगतो. यंत्र एकच आकडा दाखवत राहिलं, तर आधी यंत्राचा संशय घ्यायचा, मग वस्तूचा. ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिण्याच्या प्रथेचा भाग आहे. वाद सभेआधी मिटलेला असू शकतो, विरोधातला सदस्य आलेलाच नसू शकतो, किंवा आला, भांडला आणि लिहिणाऱ्याने भांडण लिहिलं नाही. या वहीत निर्णय उतरतो, चर्चा उतरत नाही. त्यामुळे ‘सर्वानुमते’ची टक्केवारी काढून गावाबद्दल निष्कर्ष काढू नका. त्याउलट जिथे ‘बहुमताने’ लिहिलंय, विरोध करणाऱ्याचं नाव नोंदवलंय किंवा विषय पुढच्या सभेवर ढकललाय, ती पानं वेगळी काढा. कोणीतरी आग्रह धरल्याशिवाय तशी नोंद सहसा होत नाही.

मग वहीत विश्वासार्ह काय? तारीख आणि हजेरी, असं उत्तर पटकन येतं. इथे कायदा वाचायला हवा. सभा महिन्यातून किमान एकदा घ्यायची, साध्या सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी द्यायची, कोरम निम्म्या सदस्यांचा, असे सभेचे नियम आहेत. कलम ३६ सांगतं की सरपंचाने पुरेशा कारणाशिवाय नियमाप्रमाणे सभा बोलावल्या नाहीत, तर पद जाऊ शकतं. कलम ४३ प्रमाणे सदस्य परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिला, तर त्याची जागा रिकामी होते. म्हणजे सभा झाली की नाही आणि कोण हजर होतं, या दोनच गोष्टींवर खुर्ची अवलंबून आहे. सभेत काय बोललं गेलं यावर कोणाचीच नाही. साहजिकच कागद ‘बरोबर’ दिसावा असा दबाव सगळ्यात जास्त तारीख आणि हजेरीवरच येतो. सभेनंतर घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्याच्या तक्रारी राज्यभर होत असतात, त्या यामुळेच. प्रत्येक सही खोटी असते असं मी म्हणत नाही. सही म्हणजे उपस्थिती हे गृहीतक आहे आणि ते तपासावं लागतं, इतकंच.

महिला सदस्यांच्या बाबतीत हे जास्तच लागू. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. सही बाईंची आणि बोलणं त्यांच्या नवऱ्याचं, हा प्रकार कोणाला नवा नाही. वहीत मात्र दोन्ही परिस्थिती सारख्याच दिसतात. सूचक-अनुमोदक कोण, हे रकान्यात भरून पाहा. एखाद्या सदस्येचं नाव हजेरीत साठ वेळा आणि सूचक म्हणून एकदाही नसेल, तर मुलाखत कोणाची घ्यायची ते कळलं.

‘ऐनवेळचे विषय’ तर पूर्ण वेगळा डेटासेट समजा. नोटिशीत विषय आधी कळतो, त्यामुळे विरोध करणारा तयारीने येऊ शकतो. ऐनवेळच्या विषयाला ती सोय नाही. किरकोळ, तातडीची कामं इथे येतात आणि यावीतच. मोटार जळाली तर पुढच्या महिन्याची वाट कोण बघणार? पण जागेचं भाडं, खर्चाची मोठी बाब, कामाचा ठेका यांतलं काही वारंवार इथेच दिसत असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे. अजेंड्यावरचे विषय किती, ऐनवेळचे किती, आणि दोन्हींखाली मंजूर रक्कम किती, एवढे तीन रकाने केले तरी प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहतं.

हा नोंदींचा स्वभाव आजचा नाही, गंमत म्हणून सांगतो. तगर ज्या सातवाहनकालीन व्यापाराच्या जाळ्यात होतं, त्याच काळातला नाशिकच्या पांडवलेण्यातला उषवदाताचा लेख घ्या. त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले: २,००० महिना शेकडा एक दराने आणि १,००० पाऊण टक्क्याने. त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंच्या कपड्यांचा खर्च चालायचा. हे सगळं निगमसभेत ऐकवून रीतसर नोंदवलं, असं लेखात म्हटलंय. रक्कम आहे, दर आहे, सभेचा उल्लेख आहे. सभेत कोणी कुरकुर केली का, याबद्दल अवाक्षर नाही!

समित्यांकडे येऊ. कलम ४९ खाली ग्रामविकास समित्या, शिवाय आरोग्य-पोषण-पाणीपुरवठा-स्वच्छता समिती, शाळा व्यवस्थापन समिती, २००७ च्या मोहिमेतून आलेली तंटामुक्ती समिती, जैवविविधता समिती. यादी लांब आहे आणि नावं बरीचशी तीच तीच असतात. ही पुनरावृत्ती मोजण्यासारखी आहे: किती समित्या, आणि त्यांत वेगवेगळी माणसं किती? कायद्याचा हेतू काय होता तेही लक्षात ठेवा. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला सांगितल्या, त्या सरपंचाच्या वर्तुळाबाहेरची माणसं यावीत म्हणून.

आता ज्यामुळे हा विषय कोरडा राहत नाही, ते सांगतो. घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे येते. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि नाव कोणाचं राहील, कोणाचं वगळलं जाईल, याला ग्रामसभेची मान्यता लागते. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या. तो भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. म्हणजे तेरसारख्या हजारो मतदारांच्या गावातसुद्धा पन्नास माणसांच्या तहकूब सभेत तोच विषय कायदेशीरपणे मंजूर होऊ शकतो. वहीत लिहिलं जातं ‘ग्रामसभेने सर्वानुमते मान्यता दिली’. ज्या बाईचं नाव कमी झालं, ती त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढत असेल. तिला हे कधी कळतं? बऱ्याचदा शेजारणीच्या घराचा पाया खणला जातो तेव्हा. ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये ‘तहकूब’ हा शब्द शोधा आणि त्या सभांतले ठराव वेगळ्या रंगाने रंगवा. सभा किती वाजता होती आणि गावात तेव्हा कोणत्या कामाचा हंगाम होता, तेही लिहून ठेवा.

तसंच नमुना ८ चं. ही कर आकारणीची नोंदवही. ती मालकीचा पुरावा नाही असं कितीदा सांगितलं तरी वीजजोडणीपासून घरकुलापर्यंत कागद तोच मागितला जातो. नवरा वारल्यावर बायकोचं नाव लागायला किती सभा लागल्या, हा साधा प्रश्न आहे. अर्जाची तारीख आवक नोंदवहीत सापडते, ठरावाची तारीख प्रोसिडिंगमध्ये आणि नोंद नमुना ८ वर. तीन तारखांतलं अंतर काढा. कोणाला एक महिना लागला आणि कोणाला दोन वर्षं, हे पाहिलं की ‘रुटीन’ कशाला म्हणायचं ते समजू लागतं.

माझा सल्ला असा: दहा वर्षांची प्रोसिडिंग वाचत बसण्याआधी एकच ठराव धरा आणि त्याच्या मागे मागे जा. समजा पाइपलाइन दुरुस्तीचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला असेल तर ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. काम गावाच्या विकास आराखड्यात आहे का, ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पाहा. मग अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, मग कोटेशन किंवा निविदा, काम झाल्यावर अभियंत्याची मोजमाप पुस्तिका, आणि शेवटी पैसे निघाल्याची नोंद नमुना ५ म्हणजे रोकड वहीत. प्रत्येक पायरीवर तारीख लिहा. बिलाची तारीख ठरावाच्या आधीची निघाली, तर तो ठराव निर्णय नव्हता, पावती होती.

कागद मिळवण्याबद्दल. माहिती अधिकारात महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत, त्यामुळे सगळं एकदम मागितलं तर नकाराला आयतं कारण मिळतं. आधी भेटून अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायत अधिकारी वही समोर ठेवतात. धाराशिव जिल्ह्याचे २०२३ पूर्वीचे कागद उस्मानाबाद नावाने शोधावे लागतात. निजामकाळापर्यंत मागे जायचं असेल तर उर्दू वाचणारा माणूस जोडीला लागेल. आणि नुसती प्रोसिडिंगची प्रत मागू नका. त्याच महिन्याची नोटीस आणि ती सदस्यांना मिळाल्याच्या सह्या, हजेरी आणि आवक नोंदवहीची पानं वेगवेगळ्या अर्जांनी मागा. एकाच सभेचे हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की कुठे काय जुळत नाही ते दिसायला लागतं, आणि संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा त्या न जुळणाऱ्या जागीच सापडतो.