‘ईएफ ६०%’ म्हणजे हृदय ४०% बाद नव्हे!

हृदयाच्या टूडी इकोच्या रिपोर्टवर ‘ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) ६०%’ वाचून आमच्या काकांनी दोन दिवस जेवण टाकलं होतं. त्यांना वाटलं, काठावर पास! खरं तर हा आकडा अगदी ठणठणीत. डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, ते हा आकडा सांगतो. साधारण ५५ ते ७० टक्के म्हणजे उत्तम. कप्पा पूर्ण रिकामा कधीच होत नाही.

हिशोब बघा. एका ठोक्याला सुमारे ७० मिली, म्हणजे चहाच्या कटिंगएवढं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लिटर. धावताना हेच २० लिटरपर्यंत जातं. आणि तो ‘लब-डब’ आवाज स्नायूंचा नाही बरं का, झडपा बंद होण्याचा!

मला सगळ्यात भारी वाटते ती ही गोष्ट: हृदय स्वतः जेवतं ते विश्रांतीत. डाव्या कप्प्याच्या भिंतीला बहुतेक रक्त दोन ठोक्यांच्या मधे मिळतं. नाडी फार वाढली की ही मधली सुट्टीच आखडते. बीपी वाढलेलं असेल तर प्रत्येक ठोक्याला जोर जास्त, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की भिंत जाड होते. आणि नाडी पळवायला ताप, पाणी कमी पिणं, रक्तक्षय, जास्त काम करणारं थायरॉईड हेही पुरतात.

एक सांगतो. सिंहगड चढून वर पोचलात की एकदम उभे राहू नका, दोन मिनिटं रमतगमत चाला. पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. त्या एकदम थांबल्या की चक्कर येऊ शकते. आणि चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, तर पिठलं-भाकरी राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.