न्यूमेनॉरची कुळकथा



गणपतीच्या जेवणानंतर मोठी माणसे भांडी आवरत होती आणि कोपऱ्यात आपली मुले 'न्यूमेनॉर बुडाले ते कोणामुळे' यावर तावातावाने भांडत होती. न्यूमेनॉर हे नाव प्रथम कानावर पडले तेव्हा आम्हाला ती पित्तावरची गोळी वाटली होती! पण घरातल्या मुलांमुळे हळूहळू आम्हीही त्यात अडकलो. ज्या आईबाबांना या चर्चेत 'हं, हं' म्हणत बसावे लागते त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

न्यूमेनॉर हे जे. आर. आर. टॉल्कीन यांनी रचलेले एक बेट-राज्य. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) सगळ्यांना माहीत आहे. न्यूमेनॉरची कथा त्याच्याही हजारो वर्षे आधीची. २०२२ साली 'रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिका आली आणि मुलांच्या तोंडी हे नाव बसले. मात्र मालिकेने तीन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास एका माणसाच्या आयुष्यात कोंबला आहे, त्यामुळे मूळ गंमत थोडी हरवते. ती गंमत सुरुवातीच्या काळात आहे, आणि नेमका तोच काळ मालिकेत नाही.

कल्पना सुचली कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. एक प्रचंड लाट हिरव्या शेतांवरून चाल करून येते, असे स्वप्न टॉल्कीनना वारंवार पडे. १९३६ च्या सुमारास ते आणि त्यांचे मित्र सी. एस. लुईस यांच्यात ठरले की एकाने अवकाशप्रवासाची गोष्ट लिहायची आणि दुसऱ्याने कालप्रवासाची. लुईसनी आपली पुरी केली. टॉल्कीनची अर्धवट राहिली, पण तिच्यातून हे बुडालेले बेट वर आले. (अर्धवट ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. बरेचसे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने, ख्रिस्तोफर यांनी, निगुतीने लावून छापले. 'सिल्मरिलियन' १९७७ साली आणि 'अनफिनिश्ड टेल्स' १९८० साली.)

आता मूळ कथा. पहिल्या युगाच्या शेवटी एक महायुद्ध झाले. त्यात काही मानवकुळे एल्फांच्या बाजूने लढली. युद्धात त्यांची भूमी समुद्राखाली गेली. तेव्हा देवतुल्य अशा 'वालार'नी त्यांना बक्षीस म्हणून भर समुद्रात एक नवे बेट दिले. आकार पाच टोकांच्या चांदणीसारखा, मधोमध मेनेलटार्मा हा पवित्र पर्वत. दुसऱ्या युगाच्या ३२ व्या वर्षी ही माणसे एका ताऱ्याच्या खुणेने गलबते हाकारत तिथे पोचली. म्हणजे न्यूमेनॉरचा प्रत्येक नागरिक मुळात देशांतर केलेल्यांचा वंशज. हे वाचल्यावर आम्ही जरा सावरून बसलो.

पहिला राजा एलरॉस. तो आणि त्याचा भाऊ एलरॉन्ड यांच्या अंगात मानव आणि एल्फ दोन्ही रक्त होते, म्हणून त्यांना निवड करायची मुभा मिळाली. एलरॉन्डने एल्फांचे अमरत्व घेतले, एलरॉसने माणसाचे मरण. त्याला आयुष्य मिळाले पाचशे वर्षांचे, तरी मरण ते मरणच. एक भाऊ गेला आणि दुसरा तीन हजार वर्षांनंतरही जिवंत! पुढच्या सगळ्या कटकटीचे बीज इथे आहे. कारण बेटावर एकच निर्बंध होता: पश्चिमेकडे, जिथून आपला किनारा दिसेनासा होतो, त्यापलीकडे जायचे नाही. तिकडे अमरांचा देश.

पश्चिम बंद, म्हणून हे दर्यावर्दी लोक पूर्वेकडे वळले. साल ६०० मध्ये वेआंटूर नावाचा कप्तान जुन्या भूमीच्या, म्हणजे मध्य-पृथ्वीच्या, किनाऱ्याला लागला. तिथे त्याला भेटायला बारा माणसे आली. बोलता बोलता लक्षात आले की दोघांच्या भाषेत पुष्कळ शब्द एकच आहेत, उच्चार तेवढे बदललेले. सहाशे वर्षांपूर्वी मागे राहिलेल्या भाऊबंदांचे हे वंशज! मॉरिशसच्या मराठी माणसाशी पहिल्यांदा मराठीत बोललेल्या कोणालाही हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

सुरुवातीचे हे नाते खरोखर चांगले होते. बेटावरच्यांनी किनाऱ्यावरच्या लोकांना पेरणी शिकवली, धान्य दळायला शिकवले, लाकूड कापायला, दगड घडवायला शिकवले. बदल्यात काही मागितले नाही. मग हे बिघडले कुठे?

आमच्या मते बिघडले ते सहाव्या राजाच्या घरात. हा राजा आल्डारियन, वेआंटूरचा नातू. समुद्राचे अक्षरशः वेड. त्याची बायको एरेन्डिस, जिचा झाडांवर जीव. तिला जंगलात झाड दिसे आणि त्याला त्याच जागी डोलकाठी. त्याच्या जहाजांपायी बेटावरची झाडे भराभर पडू लागली. त्यातच तिच्या कुळाला राजघराण्याइतके दीर्घायुष्य नव्हते. त्याला तीन-चारशे वर्षे हाताशी, तेव्हा पाच वर्षे बाहेर राहणे म्हणजे आपल्या हिशेबाने वर्षभराची फिरती. तिच्या दृष्टीने मात्र ती पाच वर्षे तरुणपणाचीच जात होती.

त्या बेटावर एक सुंदर रीत होती. जहाज निघताना कप्तानाच्या घरातली बाई सदाहरित झाडाची सुवासिक फांदी गलबताच्या नाळेवर लावी. 'परत ये' असा त्याचा अर्थ. (आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ देतात, तसेच काहीसे.) एकदा राजा मेनेलडूर मुलावर रागावला आणि घरच्या बायकांना फांदी न्यायला त्याने मनाई केली. तेव्हा एरेन्डिस, अजून लग्न झालेले नसताना, स्वतः फांदी घेऊन बंदरावर गेली. पुढे लग्न झाले, आंकालिमे ही मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना आल्डारियन निघाला. दोन वर्षांत येतो म्हणाला आणि पाच वर्षांनी उगवला. या वेळी फांदी नव्हती. एरेन्डिस मुलीला घेऊन आत मेंढरांच्या माळरानावर राहायला गेली होती, जिथून समुद्र दिसत नाही. तो आला तेव्हा तिने यजमानीण पाहुण्याचे करते तसे कोरडे आगतस्वागत केले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघून गेला. संसार संपला.

परदेशी नोकरीवर गेलेल्या नवऱ्यांची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही राजाराणीची गोष्ट वाटणार नाही. टॉल्कीन स्वतः १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मले. तीन वर्षांचे असताना आईबरोबर इंग्लंडला आले. वडील मागून येणार होते, ते आलेच नाहीत. १८९६ च्या फेब्रुवारीत तिकडेच वारले. याचा आणि त्या गोष्टीचा संबंध आम्ही जोडत नाही, पण वाचताना आठवते खरे.

आल्डारियन केवळ हौसेने भटकत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याने एल्फराजा गिल-गालाडचे पत्र आणले होते. पूर्वेत एक अनिष्ट शक्ती वाढते आहे, मदत हवी, असे त्यात होते. ती शक्ती म्हणजे सौरॉन. मेनेलडूर शांत, ताऱ्यांचा अभ्यास करणारा गृहस्थ. युद्धाची तयारी करावी तरी पाप, न करावी तरी पाप, या विचाराने तो पुरता हैराण झाला आणि शेवटी राजदंड मुलाच्या हाती देऊन मोकळा झाला. हे साल ८८३.

या राज्यात दोन गोष्टी झाल्या. एक चांगली. कायदा बदलून राजाच्या मुलीलाही गादीचा हक्क मिळाला आणि आंकालिमे पहिली राणी झाली. दुसरी तितकी चांगली नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर एका नदीच्या मुखाशी आल्डारियनने बंदर बांधले आणि जहाजांसाठी तिथली अरण्ये तोडायला काढली. तिथल्या रानात माणसे राहत होती. त्यांना कोणी विचारले नाही. ती चिडली, छापे घालू लागली, मग बेटवाल्यांनी त्यांना शत्रू ठरवून आणखी जोमाने तोड चालवली. पुढे सौरॉन चालून आला, तेव्हा याच उखडलेल्या लोकांनी त्याचे स्वागत केले!

साल १७०० मध्ये न्यूमेनॉरचे प्रचंड आरमार एल्फांच्या मदतीला धावले आणि सौरॉनला त्याने हाकलले. त्यानंतर शंभरेक वर्षांत बंदरांचे किल्ले झाले आणि मदतीची खंडणी झाली. सुरतेच्या वखारीची आठवण होते की नाही? आपल्या गोष्टींत कोणी रूपके शोधलेली टॉल्कीनना मुळीच आवडत नसत. वाचकाने आपल्या अनुभवाशी ताडून पाहायला मात्र त्यांची हरकत नव्हती, म्हणून आम्ही हे धाडस करतो.

पुढचे भराभर सांगतो, कारण ते मुलांना पाठ आहे. मरणाची भीती वाढली, राजे एल्फांचा द्वेष करू लागले, त्यांची भाषा बोलायला बंदी आली. ३२६२ साली शेवटचा राजा आर-फाराझोन याने सौरॉनला कैद करून बेटावर आणले. कैदी कसला, तो राजाचा सल्लागार झाला. त्याच्याच सांगण्यावरून ३३१९ मध्ये राजाने बंदी मोडून अमरांच्या देशावर स्वारी केली. समुद्र फाटला, बेट तळाला गेले.

वाचली फक्त नऊ गलबते. चार एलेंडिलची, तीन इसिल्डूरची, दोन अनारिऑनची. त्यांनी पुढल्याच वर्षी आर्नोर आणि गोंडोर ही राज्ये स्थापली. सामानात होते सात दूरदर्शी गोल, आणि राजवाड्यातल्या पांढऱ्या झाडाचे एक रोप. ते झाड तोडले जाणार हे कळताच इसिल्डूरने रात्री एकटे जाऊन, अंगावर वार झेलत, त्याचे फळ पळवले होते. चित्रपटात गोंडोरच्या राजवाड्यापुढे जे वाळलेले झाड दिसते, ते त्याच वंशातले.

वाचायला सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर आधी 'सिल्मरिलियन'मधले न्यूमेनॉरच्या बुडण्याचे प्रकरण घ्या, जेमतेम तीसेक पानांचे आहे. मग 'अनफिनिश्ड टेल्स'मधली आल्डारियन-एरेन्डिसची गोष्ट. सगळे एका ठिकाणी सालवार हवे असेल तर २०२२ साली निघालेले 'द फॉल ऑफ न्यूमेनॉर' आहे. आमची प्रत सध्या मुलांकडे फिरते आहे, रांगेत नाव लावायचे असल्यास कळवा. आणि बेट बुडाले ते कोणामुळे, या प्रश्नावर घरात अजून एकमत नाही. मुले सौरॉन म्हणतात, आमच्यातली एक एलरॉस म्हणते आणि दुसरा आल्डारियन.