बाळंतिणीच्या ताटातला मासा

किनारपट्टीवर काही घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी करून घालतात. मायेनंच घालतात. पण त्याआधी ही गोष्ट ऐकू या.

जपानमध्ये मिनामाता नावाचं गाव आहे, समुद्राकाठचं. तिथला एक रसायनांचा कारखाना वर्षानुवर्षं पारा मिसळलेलं सांडपाणी खाडीत सोडत होता. खाडीतले मासे खाऊन आधी मांजरं झिंगून मरू लागली. १९५६ साली माणसांचा आजार उघड झाला. हातपाय बधिर, बोलणं अडखळतं. काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं जन्मतःच अपंग होती. पारा वारेतून बाळाच्या मेंदूपर्यंत पोचला होता.

दगडी कोळशाच्या धुरातूनही पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर पाण्यात उतरतो. पाण्यातले जिवाणू त्याला अधिक विषारी करतात. बारीक मासा तो थोडा घेतो. असे कितीतरी मासे खाणाऱ्या मोठ्या माशात तो साठत जातो. म्हणून मुशीसारख्या शिकारी माशात पारा जास्त, तारली, मांदेली, जवळ्यात कमी. धुऊन, शिजवून, तळून तो जात नाही.

मग मासे सोडायचे का? मुळीच नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, लहान मुलांना मासळीची ताकद हवीच. फक्त त्यांच्या ताटात मोठ्या मुशीऐवजी बारीक मासळी वाढू या. थर्मामीटर फुटला, तर त्यातला पारा गटारात टाकायचा नाही. गटाराचं पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं.