बुलढाण्याचे पथक आणि दिल्लीची संस्था

‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही देशव्यापी संस्था दिल्लीत असली, तरी तिचा पाया शाळेच्या मैदानावर आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक आणि अशा संघांचे मिळून एक पथक. पथकात जास्तीत जास्त 32 मुले असतात. मुलांचे पथक स्काऊट मास्तर चालवतात, मुलींचे गाईड कॅप्टन. दहा वर्षांखालची मुले कब आणि मुली बुलबुल. महाविद्यालयीन वयात रोव्हर आणि रेंजर. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर, लोणार किंवा जळगाव जामोदच्या शाळेत गळ्यात स्कार्फ आणि त्याला वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) लावलेली जी मुले दिसतात, ती अशा एखाद्या पथकाची असतात.

पथक सुरू करायला उत्साह पुरत नाही. आधी शिक्षकाला प्रशिक्षण घ्यावे लागते. गाठी मारणे, तंबू उभारणे, प्रथमोपचार, ध्वजवंदन, संघपद्धती हे सारे त्याला शिबिरात राहून शिकावे लागते. बेसिक, मग अ‍ॅडव्हान्स आणि शेवटी हिमालय वुड बॅज अशा या पायऱ्या आहेत. प्रशिक्षित शिक्षकाला संस्थेकडून अधिकारपत्र मिळते आणि पथकाची नोंद जिल्हा संस्थेकडे होते. पुढे दरवर्षी मुलांची यादी आणि नोंदणी शुल्क जिल्ह्याकडे द्यायचे. त्यातला ठरलेला वाटा राज्य संस्थेकडे आणि तिथून राष्ट्रीय मुख्यालयाकडे जातो. नोंदणी चुकली, तर वर्षभर मैदानावर घाम गाळलेल्या मुलांची पुढच्या सोपानाची, म्हणजे पुढच्या पायरीची, वाट अडते. म्हणून या कागदाकडे किरकोळ काम म्हणून पाहणे बरे नाही.

जिल्हा संस्थेचे पदाधिकारी मानद असतात आणि त्यांत शिक्षण खात्यातले अधिकारी बहुधा असतातच. रोजचे काम जिल्हा संघटक पाहतात: शाळांना भेटी, शिबिरे, मेळावे, चाचण्या. घाटावर सिंदखेड राजा, घाटाखाली संग्रामपूर, असा 13 तालुक्यांचा हा पसारा आहे. त्यातली पथके जिवंत राहतात ती मुख्यतः शनिवारी शाळा सुटल्यावरही थांबणाऱ्या शिक्षकांमुळे.

वरची छत्री मात्र सहज उभी राहिलेली नाही. भारतात स्काऊटिंग 1909 मध्ये बंगळूरला सुरू झाले. सुरुवातीला ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. मग अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासकडे आणि मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादकडे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संस्था काढल्या. 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली आणि युरोपियन मुलांपासून सुरू झालेली जुनी संघटना व ही नवी, अशा एकाच कामाच्या दोन मोठ्या संघटना देशभर समोरासमोर आल्या. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू आणि शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी त्या एकत्र याव्यात म्हणून प्रयत्न केले.

या प्रयत्नांत विदर्भाशी थेट संबंध असलेली दोन माणसे होती, हे फारसे सांगितले जात नाही. एक, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे तेव्हाचे राज्यपाल मंगलदास पकवासा; दुसरे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, जे 1950 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. बुलढाणा जिल्हा त्या वेळी याच प्रदेशात होता. 7 नोव्हेंबर 1950 रोजी दोन्ही स्काऊट संघटना विलीन झाल्या आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गर्ल गाईड्सची अखिल भारतीय संस्थाही त्यांत सामील झाली. मुले आणि मुली यांची एकच राष्ट्रीय संस्था झाली, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. 7 नोव्हेंबरला शाळाशाळांत ध्वजदिन होतो, तो या विलीनीकरणाचा.

राष्ट्रीय संस्था राज्यांच्या हद्दींप्रमाणे विभागलेली आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, त्यामुळे बुलढाण्याची राज्यपातळीवरची वाट आता मुंबईतून जाते. पण जिल्ह्यातले प्रत्येक पथक याच वाटेने जाते असे नाही. रेल्वेचा प्रत्येक विभाग (झोन) राष्ट्रीय संस्थेत राज्याच्या बरोबरीचा मानला जातो. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मध्य रेल्वेच्या भुसावळ मंडळात येतात. तिथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पथक निघाले, तर त्याचा जिल्हा भुसावळ आणि राज्य मध्य रेल्वे. केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांच्याही स्वतंत्र राज्यस्तरीय संस्था आहेत.

शुल्क आणि याद्या खालून वर जातात, तसे वरून खाली येते ते प्रमाणपत्र. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान झाल्यावर राज्य पुरस्काराची चाचणी राज्य संस्था घेते. त्यानंतरचा राष्ट्रपती पुरस्कार राष्ट्रीय मुख्यालयाच्या हातात असतो; राष्ट्रपती या संस्थेचे आश्रयदाते आहेत. शिक्षकांसाठीचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. पथकाच्या खर्चाला मुले ‘खरी कमाई’ करतात: बूटपॉलिश, भेळेची गाडी, शेतातली छोटी कामे. मुलाने स्वतःच्या हाताने मिळवलेले दहा रुपये शिक्षकाला हिशेबासह द्यायचे, हा शाळेत मिळणारा अर्थशास्त्राचा सर्वांत चांगला धडा आहे.

जागतिक स्काऊट संघटना प्रत्येक देशातून एकाच राष्ट्रीय संस्थेला सभासद करून घेते. भारतातून ते सभासदत्व भारत स्काऊट्स आणि गाईड्सकडे आहे. मुलींसाठी गाईडांच्या जागतिक संघटनेतही तीच संस्था आहे. चिखलीच्या शाळेतल्या नोंदवलेल्या मुलाला परदेशातल्या जागतिक जांबोरीसाठी, म्हणजे स्काऊटांच्या मेळाव्यासाठी, निवडीचा अर्ज करता येतो, तो या साखळीमुळेच. अर्ज मात्र जिल्हा आणि राज्य संस्थेच्या शिफारशीनेच पुढे जातो.